उमापूरच्या दारातून माघारी

अंबाजोगाईहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा मी मोठ्या खुशीत होते. सोबत रेखा, माझ्याच गल्लीत सून म्हणून आलेली, सात महिन्यांची गरोदर. पहिल्या बाळंतपणासाठी तिला उमापूरला माहेरी पोचवायचं होतं. तिची आई शांता माझी जुनी शेजारीण, मी उमापूरला राहून गेवराईच्या शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हाची. शांताला न कळवता दोन दिवस आधीच जायची हौस मात्र माझी.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. रेखाने कपिलधारच्या दिशेने हात जोडले आणि दोन प्लेट भजी संपवली. गेवराईला जीपमध्ये तिला पुढची जागा मिळावी म्हणून मी ड्रायव्हरशी भांडले. दोन्हीकडे ज्वारीची काढणी चालू होती.

शांताच्या फाटकाला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता.

"बाई आल्यात वाटतं," रेखा थबकली. म्हणजे घरात कुणाला तरी कांजिण्या.

"कांजिण्यांचं काय एवढं! चल," म्हणत मी तिचा हात धरून ओढलाच.

"थांब! आत पाय टाकू नको!" शांता घरातून ओरडली. ओसरीवर तिचा नातू अंगभर फोड घेऊन गोट्या खेळत होता.

"हे बघा, नाचतंय," शांता लांबूनच सांगू लागली. "पण ह्याच्या बापालाबी आल्या, त्याला लई जड गेलं. धाप लागली, कालच बीडला दवाखान्यात नेलं. रेखाला लहानपणी आल्या न्हाईत. पोटुशीला लई वंगाळ हाय हे. बाई, तुमी न सांगता कावून आल्या?"

मी रेखाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं. पोरांना सहज जाणारा हा आजार मोठ्यांच्या फुप्फुसात उतरू शकतो, आणि आधी तो न झालेल्या गरोदर बाईला फार धोक्याचा. तसेच मागे फिरा, उद्या तपासायला या, म्हणाल्या. इतकी वर्षं विज्ञान शिकवून मला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटली.

"लेक दारात आली आन् घरात घेईना," रेखा रडू लागली. शांता दाराची चौकट धरून उभी राहिली, पुढे आली नाही.

त्याच जीपने परतलो. शांताचे फोन येत होते आणि रेखा ते कट करत होती. जिला मी मनातून भाबडी समजत आले, तिने लेकीला दारातून परतवून सांभाळलं. मी मायेने हात धरून तिला संकटातच नेत होते.

बीडच्या स्टँडवर पुन्हा फोन वाजला. या वेळी रेखाने तो घेतला.

मग म्हणाली, "आई, तू भाकर खाल्ली का गं?"