सांगू का गो?

भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत जी तीन मजली चाळ आहे, तिला घंटा नव्हती, भोंगा नव्हता. तिला जाईबाई होती.

"ए पाऽऽणी आलं गोऽऽ!"

यातला 'पा' तळमजल्याच्या नळापाशी सुटायचा, 'णी' जिन्यात वळायचा आणि 'गो' थेट गच्चीवरच्या टाकीला जाऊन आपटायचा. त्या एका हाकेवर बादल्या धावायच्या, झोपलेली पोरं उठायची, आणि तळमजल्यावरचे मालवणी दौलतराव कानात बोट घालून म्हणायचे, "हळू गो बाय! नळाक पाणी येवच्या आधी माझ्या डोळ्यांक इला!"

जाईबाई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. गिरणीत राबलेला नवरा, भिवा, कधीच गेला; नोकरीही संपली; पण हॉस्पिटलाने तिला दोन आवाज देऊन ठेवले होते. एक बाहेरचा, ओपीडीच्या गर्दीत नाव पुकारायचा. दुसरा आतला, पेशंटच्या कानाशी वाकून बोलायचा. चाळीत ती दोन्ही वापरायची. बातमी कुठलीही असो, कुणाला दिवस गेलेले, कुणाचं लग्न जमलेलं, कुणी गेलेलं, जिन्याच्या तोंडाशी खोली असल्यामुळे ती आधी जाईबाईला कळायची. पण ती लगेच ओरडत नसे. आधी त्या घराच्या उंबऱ्यावर जायची, चौकटीला हात लावायची आणि आतल्या आवाजात विचारायची, "सांगू का गो?"

घरातून "सांग" आलं की बाहेरचा आवाज सुटायचा. "नको" आलं की बातमी जाईबाईच्या पोटात. अर्धी चाळ अशी तिच्या पोटात राहायची, आणि म्हणूनच दिवसा कुणाचं दार बंद नसायचं.

मग चाळीत चपला चोरीला जायला लागल्या, नंतर एक सायकल गेली, आणि कमिटीने प्रत्येक गॅलरीत कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याच्या पोटाला एक वाटीएवढा स्पीकर. सेक्रेटरी राजरत्न गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसात कामाला; त्याचं प्रत्येक वाक्य 'अ‍ॅक्चुअली'ने सुरू व्हायचं.

"अ‍ॅक्चुअली मावशी, त्यात एक बाई बोलते. पण ती फारच पुणेरी. 'कृपया पादत्राणे ओळीत ठेवावीत.' ऐकतंय कोण? तुमचा आवाज द्या ना."

"देऊ म्हणजे? वाटीभर साखर हाय काय?"

"फोनमध्ये थोडा वेळ बोलायचं. बाकी सिस्टीम शिकते."

जाईबाई खुशीत बोलली. राजरत्नने पुढे धरलेली वाक्यं तर अशी की हसून हसून पदर तोंडात कोंबावा लागला. "हत्तीने पिवळी छत्री उघडली." "माझ्या आत्याला जांभळं आवडत नाहीत." तिने प्रत्येक वाक्य पाणी आल्यासारखं ठोकून दिलं. भिंतीपलीकडून दौलतराव ओरडले, "खयच्या आत्येक गो?"

दोन दिवसांनी ती खोलीत लसूण सोलत बसली होती आणि बाहेर तीच ओरडली.

"ए पाऽऽणी आलं गोऽऽ!"

जाईबाईचा हात थांबला. तोंड मिटलेलं होतं. तिने बोटाने चाचपूनही पाहिलं. बाहेर आली, तर बादल्या धावत होत्या, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर, कॅमेऱ्याकडे. दौलतराव तिला बघून चक्रावले. "आताच मां वरडलंस थंय? हंय कधी इलंस?"

पहिले काही दिवस गंमतच झाली. "दौलतराव, शर्टाची बटणं लावा!" म्हणून वरून आवाज यायचा आणि म्हातारा दचकून खालपासून वरपर्यंत चुकीची बटणं लावायचा. पोरं कॅमेऱ्यासमोर मुद्दाम चपला फेकायची. पण जाईबाईला एक गोष्ट खटकत होती. आपण कधी न बोललेलं बोलणं तिला स्वतःच्या तोंडचं वाटायला लागलं होतं. भाजी फोडणीला टाकताना बाहेर आवाज झाला की तिचा गळा आतून हलायचा, जणू कुणी दोरी ओढतंय.

चौदा नंबरच्या वैशालीला छातीत गाठ लागली होती. ती दादरला साड्यांच्या दुकानात उभी असायची. नवरा अजित शाळेची बस चालवायचा. त्यालाही तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं एकट्या जाईमावशीला. सुईची तपासणी झाली तेव्हा मावशीच बाहेर बाकावर बसली होती, आणि सोमवारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडेही तिच्यासोबत मावशीच जाणार होती. "तू नसलीस तर मी जिन्यावरनं परत फिरेन," असं वैशाली म्हणाली होती. बाहेर पडल्यावर मावशीने विचारलं होतं, "सांगू का गो? निदान अजितला?" आणि वैशाली म्हणाली होती, "नको."

शनिवारी दुपारी लॅबचा माणूस पाकीट घेऊन आला. गेटवर आता मशीनमध्ये नाव आणि काम टाकावं लागे. त्याने पाकिटावर जे होतं ते टाकलं. आणि तिन्ही मजल्यांवर, पाण्याच्याच सुरात, हाक फुटली:

"ए वैशाऽऽली! कॅन्सरच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय गोऽऽ! घेऊन जाऽऽ!"

गॅलरीतल्या सगळ्या माना चौदा नंबरकडे वळल्या. वैशालीने पाकीट घेतलं, आणि चौदा नंबरचं दार, दिवसाढवळ्या, लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज जाईबाईने स्वतःच्या खोलीत ऐकला.

ती धावत गेली. "वैशाली, मी नाय गो. तो वरचा—"

"आवाज तुझा होता, मावशी." दारामागून. "'गो'सुद्धा तुझं होतं. त्याला कुठनं कळणार? तुलाच माहीत होतं ना?"

"अगं गेटवर त्याने—"

"जा तू. सोमवारी पण येऊ नकोस. मी कुठे जाणार नाहीये."

जाईबाई तशीच राजरत्नच्या दारात. "माझा आवाज परत दे."

"अ‍ॅक्चुअली मावशी, परत कसा देणार? ती कॉपी आहे. तुमचा तुमच्याकडेच आहे की."

"मग वैशालीच्या दारात माझ्यावर विश्वास का नाय ठेवत कोण?"

राजरत्न ओशाळला. बंद करायचं तर कमिटीची मीटिंग लागेल म्हणाला. पण चूक सुधारता येईल. "काय चुकलं ते सांगा, मी घालतो."

"चुकलं म्हणजे? आधी इचारायचं नाय काय? उंबऱ्यावर जायचं. हळू बोलायचं."

"म्हणजे परमिशन. कसं हळू? बोलून दाखवा."

त्याने फोन पुढे धरला. आणि जाईबाईने, रागात, तळमळीने, त्याला एकदाचं कळावं म्हणून, डोळे मिटले, वैशालीचा उंबरा समोर आणला आणि आतल्या आवाजात म्हटलं, "सांगू का गो? भिऊ नको. बोल, मी हाय."

"परफेक्ट," राजरत्न म्हणाला.

रविवारी दुपारी चाळ जेवून आडवी झाली होती. जाईबाई विहारातून वंदना करून परतली आणि पुन्हा एकदा वैशालीच्या दाराकडे जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला कुजबुज ऐकू आली.

"वैशाली... सांगू का गो?"

जाईबाई जिथल्या तिथे थांबली. गॅलरी रिकामी. चौदा नंबरचं दार बंद. गॅलरीचा कॅमेरा नेमका त्या दाराच्या वर होता; त्याचा हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"भिऊ नको. बोल. मी हाय."

आतून हुंदका आला. "मावशी... आलीस? मी वाईट बोलले तुला." वैशाली दाराला टेकून बसली असावी, आवाज खालून येत होता. "मला पाकीट उघडवत नाहीये गं. अजितला काय सांगू? तो विचारतोय, लोक काय बोलतायत म्हणून..."

"हं," वरचा आवाज मायेने म्हणाला. "बोल."

ही माया तिची होती. हॉस्पिटलात मरणाऱ्यांच्या उशाशी तिने ही माया कमावली होती, आणि ती आता वाटीएवढ्या भोकातून गळत होती. वैशाली बोलत होती, आणि ठिपका एक-एक शब्द पीत होता.

ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आता ती बोलली तर गॅलरीत दोन जाईबाया होतील. वैशालीने कुठली खरी धरायची?

ती न बोलता पुढे झाली. खिडकीचा पडदा गजांमागे ओढलेला होता. तिने गजांतून हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि पडदा सारला. हाताला सकाळच्या लसणाचा वास होता.

वैशालीने वर पाहिलं. गजांत जाईमावशीचा चेहरा. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी.

आणि दारावरून, मायेने, जाईमावशी म्हणाली, "अजून काय गो? बोल ना."

ती त्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तो लसणाचा हात धरला, आणि एका हाताने धरून ठेवूनच, चाचपडत, दुसऱ्या हाताने कडी काढली.

अजित आल्यावर वैशालीने त्याला दार लावून सांगितलं, त्याच्या कानाशी. जाईबाई बाजूला बसून होती.

सोमवारी सकाळी तिघं निघाली. अजित पुढे, पाकीट पिशवीत घालून. जाईबाईने वैशालीचा हात धरला होता आणि ओठ मिटले होते. जिन्यात, गॅलरीत, गेटपाशी. एरवी गेटातून पाय बाहेर टाकताना ती हटकून चाळीला एक हाक मारायची. आज ती हाक गळ्यापर्यंत आली आणि तिने गिळली.

मागून, तिन्ही मजल्यांवरून, हाक आली. "जाऊन येते गोऽऽ!"

"ये गो बाय, सांबाळून जा!" दौलतराव सवयीने आतूनच ओरडले.

तिघं चालत राहिली. कोर्टाचा कोपरा वळला, कॅमेरे संपले, बससाठी रस्ता ओलांडायचा होता. जाईबाईने घसा खाकरला.

"चल गो," ती म्हणाली. "रस्ता मोकळा हाय."

वैशालीने पाऊल उचललं नाही. तिने आधी वळून मावशीच्या ओठांकडे पाहिलं.

जाईबाईने ते पाहिलं. मग तिने, ओठ नीट दिसतील असे, पुन्हा एकदा सावकाश हलवले. "चल. मीच हाय."