जुना पार्ट फेकू नका

सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. वेळ एवढी पक्की आठवते कारण परीच्या तोंडात वरणभाताचा घास होता, ती तो गिळत नव्हती, आणि मी घड्याळाकडं पाहून विचार करत होती की आज हिचं जेवण अकराच्या आत होते का नाही. तेवढ्यात मोबाईल वाजला. मीच आमचं दुकान मोबाईलवर टाकलं होतं, त्याची पहिली ऑनलाईन ऑर्डर होती.

त्याच्यानंतर जे जे झालं ते सांगायला बसलं की चहा थंडा होतो. दुकानात डब्यांच्या तळाशी नट-बोल्ट साचतात ना, कोणी टाकले, कधी टाकले, कोणालाच माहीत नसते, तसे हे किस्से साचले. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाही. मैत्रिणी म्हणाल्या, बोलते तसंच लिही. तर तसंच लिहिते.

आधी घरचे लोक सांगते. दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामाजी म्हणते. पूर्ण नोकरी त्यांनी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर म्हणून केली. रिटायर झाले, सेक्टर सहाचं क्वार्टर सोडलं, आणि भिलाई-३ ला रोडवर शेतीच्या मशीनच्या पार्टचं दुकान टाकलं. ट्रॅक्टर, थ्रेशर, रोटावेटर, सगळ्याचे पार्ट. त्यांच्या कानावर लाल पेन्सिल असते. बाण काढून त्याच्याजवळ "वर" लिहिल्याशिवाय कोणताही डबा त्यांच्या हातून सुटत नाही. आमचे हे रेल्वेत, नेहमी ड्युटीवर. परी अडीच वर्षांची. आणि मी. मला सगळ्याची भीती वाटते, एक मोबाईल सोडून.

*

पहिली ऑर्डर एका थ्रेशरच्या पट्ट्याची होती. रबराचा पट्टा. तो फेकून मारला तरी फुटत नाही, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, रस्त्यात काही झालं तर?

मी पट्टा पेपरात गुंडाळला. मग प्लास्टिकमध्ये. मग पुठ्ठ्यात. तरी जीव राहीना, म्हणून परीचं लहानपणचं दुपटं त्याच्याभोवती लपेटलं आणि वरून टेप मारला.

मामाजी काउंटरवरून पाहून राहिले होते. म्हणाले, "माणूस पाहिला नाई, पार्ट पाहिला नाई, अन् सौदा झाला? अन् हे काय, पट्टा पाठवून राहिली का बाळंतीण?"

चौथ्या दिवशी त्या ग्राहकाचा मेसेज आला, "बेल्ट एकदम बरोबर बसला. बाळाचं दुपटं धुवून ठेवलं आहे. वापस पाठवू का?"

*

आता अडचण कुठं आहे ते सांगते. आमच्याकडं शेतकरी पार्टचं नाव सांगत नाही. तुटलेला पार्ट गमछात बांधून आणतो आणि काउंटरवर ठेवतो. ग्रीसनं काळा झालेला असतो. मामाजी तो उचलतात, एकदा उलटा, एकदा सुलटा करतात, आणि मागच्या फळीवरून तसाच नवीन काढून बाजूला ठेवतात. दोघंही बोलत नाहीत. सगळा धंदा असा नमुन्यावर चालतो.

मोबाईलवर नमुना कुठून आणायचा? लोक लिहायचे, "मागच्या वेळी दिला होता तोच पाठवा." आमची ही पहिलीच वेळ. एकानं लिहिलं, "लाल ट्रॅक्टरला लागतो तो." एकानं तर फक्त, "गोल आहे."

मी त्या गोलवाल्याला अंदाजानं एक बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, पाठवला. आठ दिवसांनी तो वापस आला. मामाजींनी डबा फोडला नाही. काउंटरच्या वर एक रिकामी फळी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबर डोळ्यासमोर. तिथं नेऊन ठेवला.

"सूनबाई, ह्या फळीवर सात डबे बसतात. मी मोजले. सात वापस आले की तुयं ऑनलाईन बंद. मंग मोबाईल ठेव अन् घरात बस."

मी म्हटलं, "अन् नाही भरली तर?"

"भरते," मामाजी म्हणाले.

त्या दिवसापासून मी झाडू मारायला दुकानात गेली की आधी फळीकडं पाहायची. घरात बसायला मला काही वाईट नाही. पण सातवीनंतर पहिल्यांदाच असं काही हाती आलं होतं, की जे करताना कोणी मला "राहू दे, तुले नाही जमत" म्हटलं नव्हतं. मामाजी म्हणत होते, पण ते सगळ्यांनाच म्हणतात.

*

दुसरा डबा तर ग्राहक स्वतः घेऊन आला, तोही पोत्यात.

नंदिनी नगरच्या पलीकडच्या गावचा माणूस. मी त्याला रोटावेटरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागं माती फोडणाऱ्या मशीनच्या, पात्यांचा पूर्ण सेट पाठवला होता. त्यानं पोतं खाली ठेवलं, पाणी मागितलं, आणि शांतपणे म्हणाला, "बहिनी, मोर मसीन ह एके कोती भागत हे."

म्हणजे मशीन एकाच बाजूला पळून राहिली होती. दोन तास त्यानं वावर केलं, आणि ट्रॅक्टर सरळ ठेवता ठेवता त्याचे खांदे भरून आले.

मामाजींनी पोत्यातून एक पाती काढली. दुसरी काढली. तिसरी काढली. मग माझ्याकडं पाहिलं. रोटावेटरच्या अर्ध्या पात्या डाव्या असतात, अर्ध्या उजव्या. मी सगळ्या डाव्या पाठवल्या होत्या.

"परीच्या चपला घालून देतं ना तू?" मामाजींनी विचारलं.

"हो."

"दोन्ही पायात डावी घालतं का?"

मी त्या दिवशी रडली, थोडीशीच. मग देवघरातून करंडा आणला. तेव्हापासून आमच्याकडं डाव्या पातीला हळदीचं बोट आणि उजव्या पातीला कुंकवाचं. हळद-कुंकू अर्धं-अर्धं मोजल्याशिवाय डबा बंद होत नाही. त्याच्यानंतर एकही चूक झाली नाही.

मामाजी म्हणतात, "पार्ट विकून राहिली का लग्न लावून राहिली?"

पण परवा काउंटरवर त्यांनी एका गिऱ्हाइकाला पात्या मोजून दिल्या तेव्हा त्यांचंही बोट पिवळं होतं. मी पाहिलं.

*

मग मी नमुन्यावर उपाय काढला. प्रत्येकाला लिहायची, "पार्टच्या बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा." नाण्यावरून माप कळते. मला वाटलं, एवढी अक्कल आजपर्यंत कोणालाच कशी नाही आली.

दोन बेअरिंग गेल्या, दोन्ही वापस आल्या. दोन्ही मोठ्या झाल्या.

मामाजींनी गल्ल्यातून चार रुपये काढून काउंटरवर ओळीनं मांडले. जुना रुपया मोठा, त्याच्यानंतरचा लहान, नवीन तर अजून लहान. मी माझ्याजवळच्या मोठ्या रुपयानं माप धरलं होतं, आणि त्यांच्या हातात लहान होता.

"प्लांटमध्ये असं माप घेतलं असतं तर," मामाजी म्हणाले, आणि वाक्य अर्धंच सोडून रुपये परत गल्ल्यात टाकले. ते जास्त लागलं.

फळीवर चार डबे झाले.

त्या दिवशी चहा ठेवताना माझ्या हातात माचिसची डबी होती. मी ती घेऊन तशीच शेजारी गेली, त्यांची डबी मागितली, मापून पाहिली. मग किराण्याच्या दुकानात जाऊन तीन वेगवेगळ्या कंपनीच्या घेतल्या. सगळ्या सारख्या निघाल्या. किराणावाला म्हणाला, "भाभी, इतनी माचिस? सब ठीक है ना घर में?"

आता मी सगळ्यांना सांगते, जुना पार्ट कोऱ्या कागदावर ठेवा, पेनानं भोवताल गिरवा, बाजूला माचिस ठेवा आणि वरून फोटो काढा. मग मी इकडं माझी माचिस मांडते आणि पार्ट ओळखते.

एका शेतकऱ्यानं माचिस ठेवली नाही. म्हणाला, बिडी सोडली, आता घरात माचिस नाही, लायटरचा गॅस आहे. त्याच्या बायकोला मी देवासमोरची शोधायला लावली.

*

पाचवा डबा माझ्या चुकीनं आला नाही, तरी फळीवर बसला.

पत्ता असा होता: "तळ्याच्या पाळीवर, जिथं मागच्या वर्षी हार्वेस्टर फसलं होतं तिथून डाव्या हाताला."

कुरियरवाले काका पन्नाशीचे, सायकलवर हिंडून हिंडून सगळी गावं पाठ झालेले. तरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वापस आले. घाम पुसत म्हणाले, "दीदी, दो घंटा ढूंढा."

मी म्हटलं, "काका, पत्ता तर लिहिला होता ना, हार्वेस्टर..."

"हार्वेस्टर तो निकल गया, दीदी."

*

मामाजी ऑनलाईन करत नाहीत, असं ते म्हणतात.

एक ग्राहक रोज फोन करायचा. त्याला पार्ट कोणता गेला तेच माहीत नव्हतं. तो म्हणायचा, "आवाज ऐका," आणि फोन ट्रॅक्टरजवळ धरायचा. मला घरघर, घरघर एवढंच समजे. त्या दिवशी परीला ताप होता, मी एका हातानं पट्टी ठेवून राहिली होती आणि दुसऱ्या कानात ट्रॅक्टर.

मामाजी ओसरीत दाढी करत होते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या बाजूला ठेवला.

अर्ध्या गालाला फेस. वस्तरा थांबला. डोळे मिटले. "क्लच दाबायले सांग त्याले." मी सांगितलं. आवाज बदलला. "सोडायले सांग." सोडला. "रिलीज बेअरिंग गेली. क्लच प्लेट पाहून घे म्हणा, घाई नको."

ग्राहक तिकडून म्हणाला, "कोण डॉक्टर आहेत?"

मामाजींनी वस्तरा उचलला. "त्याले सांग, मी ऑनलाईन नाई करत. मी फक्त ऐकलं."

बेअरिंग गेली, बसली, वापस आली नाही. परीचा तापही दुसऱ्या दिवशी उतरला. कशाचं मला जास्त बरं वाटलं ते विचारू नका.

*

सहावा डबा कसा आला ते सांगण्यासारखं नाही. एका माणसाला पार्ट बरोबर गेला होता, पण तोवर त्यानं ट्रॅक्टरच विकला. डबा वापस. फळीवर फक्त एक जागा उरली.

धानाच्या कटाईचे दिवस होते, ऑर्डरी येऊन राहिल्या होत्या, आणि मी एक एक डबा दोनदा उघडून पाहून बंद करत होती. तेवढ्यात मामाजींना वर्ध्याकडं आपल्या गावी लग्नाला जायचं होतं. निघताना त्यांनी फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मी येतो पाच-सहा दिवसांत. तोवर पाहू."

तिसऱ्या दिवशी एक ऑर्डर आली. सोयाबीनच्या थ्रेशरची लहान पुली. अनोळखी नंबर, अनोळखी नाव, पत्ता वर्धा जिल्ह्यातला. सोबत फोटो.

असा फोटो मला आजपर्यंत कोणी पाठवला नव्हता. कोरा कागद, त्याच्यावर पुली गिरवलेली, रेघ कुठंच तुटलेली नाही. मधलं भोक वेगळं काढलेलं, त्यातली चावीची, म्हणजे लोखंडी पाचरीची, खाच वेगळी. बाजूला माचिस, एकदम सरळ ठेवलेली. आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा बाण. बाणाजवळ लिहिलं होतं, "वर".

मी फोटो दोनदा पाहिला. मग मोठा करून पाहिला. मग परीला शेजारी नेऊन ठेवलं.

माझी माचिस मांडली. पुल्या काढल्या, एक एक लावून पाहिली. चावीची खाच सुताच्या दोऱ्यानं मोजली. डबा बंद केला, उघडला, परत मोजली. यांना ड्युटीवर फोन केला. हे म्हणाले, "एवढं काय त्या पुलीत?"

मी म्हटलं, "काही नाही. चांगला ग्राहक आहे."

डबा गेला. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर दिसलं, डबा पोहोचला. त्याच्यापुढं काहीच नाही. मेसेज नाही, फोन नाही, तक्रार नाही.

रविवारी सकाळी मामाजी आले. खांद्यावर थैली आणि काखेत डबा. माझाच डबा. माझा टेप मी कुठंही ओळखते, मी तो चार वेळा फिरवते.

काउंटरवर नंदिनीकडचा एक शेतकरी गमछात तुटका पार्ट बांधून उभा होता. मामाजींनी त्याला रामराम केला, स्टूल ओढला, त्याच्यावर चढले आणि डबा फळीवरच्या सातव्या जागी ठेवला. बरोबर बसला. फळी भरली.

परी माझ्या कडेवर होती. मी तिला घट्ट धरलं, तर ती म्हणाली, "आई, दुखते."

मामाजी खाली उतरले. हात झटकले. मी परीला खाली ठेवलं, स्टूलवर चढली आणि डबा उघडला. आत जुनी पुली होती, एका बाजूनं चीर गेलेली. खाली तो कागद, घडी घालून. आणि माचिसची डबी.

"नमुना आहे," मामाजी म्हणाले. "नवीन तिकडं थ्रेशरले बसली. हा राहू दे तिथंच. अन् सुताराले फोन लाव."

"कावून?"

"फळी भरली ना. दुसरी ठोकावी लागन."

मग ते त्या शेतकऱ्याकडं वळले. त्याच्या गमछाची गाठ सोडली, पार्ट उलटा-सुलटा करून पाहिला आणि त्याच्यावरच रागावले, "एवढ्या दुरून कायले आला बाबू? कागदावर गिरवाचा, माचिस ठेवाची, फोटो पाठवाचा, घरी येते. फक्त जुना पार्ट फेकू नोको. अन् गावात सगळ्यायले सांगून देजो."