नानांचा माग

कोपी पुन्हा मागे फिरली आणि अमोलच्या पुढ्यात येऊन बसली.

"काका, हा कुत्रा मला शोधतोय का?" अमोल म्हणाला.

मला राग आला. एक तर कोपी कुत्रा नाही, कुत्री आहे. आणि ती उगाच कधी बसत नाही. बसली म्हणजे तिच्या मते माणूस सापडला.

मी साताऱ्याकडचा. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण फौजेच्या श्वानपथकात झालं. पेन्शनीत निघाल्यावर मुलीकडे परदेशात, सेरंगूनला आलो. घरात बसून टीव्ही बघणं मला जमलं नाही. म्हणून लिम नावाच्या चिनी माणसाच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्री सांभाळायच्या जागेत, कामाला लागलो. कोपी तिथलीच लॅब्रडोर. इथं कॉफीला कोपी म्हणतात, त्यावरून लिमनं नाव ठेवलं. माग काढायला तिला मी शिकवलं, दुसऱ्या कोणी नाही.

अमोल पुण्याचा, तांजोंग पगारला बँकेत मॅनेजर. त्याचे वडील, नाना, त्याच्याकडे राहायला आलेले. त्यांना विसरण्याचा आजार, वर शुगर. सकाळी इन्सुलिन घेतलं, नुसता चहा प्यायले आणि फिरायला बाहेर पडले. जलाशयाच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात आत जाताना दिसले. बाहेर येताना दिसले नाहीत. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून घाई. एकाला एक लागून दोन जलाशय, भोवती जंगल. पोलीस शोधत होतेच, तरी अमोलनं केनेलला फोन करून मला आणि कोपीला बोलावलं. त्या जंगलात कुत्रा न्यायला बंदी आहे, पण तिथल्या ऑफिसरनं त्या दिवसापुरती सूट दिली आणि स्वतः आमच्याबरोबर आला.

माग काढायचा तर आधी कुत्र्याला वास द्यावा लागतो. हरवलेल्या माणसाच्या अंगावरचा, न धुतलेला कपडा. अमोलनं पिशवीतून टी-शर्ट आणला होता. छातीवर कंपनीचं नाव.

मी विचारलं, "हा नक्की नानांचा?"

"हो. काल दिवसभर त्यांच्याच अंगात होता."

"आणि त्याआधी?"

अमोल म्हणाला की टी-शर्ट तसा त्याचाच. जिमला तो घालतो, घरात नाना घालतात. नानांना नवे कपडे आणले की ते घडी करून बॅगेत ठेवतात, पुण्याला जाऊन घालायचे म्हणून.

त्या वेळी माझ्याही अंगात जावयाची पँट होती.

पण कोपीचं काही चुकलं नव्हतं. कपड्याला दोघांचा वास, त्यातला एक समोर उभा. तिनं त्याला शोधून दिला. मी म्हटलं, फक्त नानांची अशी वस्तू सांगा. दुसऱ्या कोणी कधी अंगाला लावली नाही अशी.

"कानटोपी आहे," तो म्हणाला. "एसी सोसत नाही म्हणून घालून झोपतात. पण ती फार कळकट आहे, काका. लोकांसमोर कशी आणायची?"

"आणा," मी म्हटलं.

त्याची बायको टॅक्सीनं टोपी घेऊन आली. तोवर ऊन चढलं. टोपी खरोखर कळकट होती, तेलाची, उशीच्या वासाची. कोपीनं तिच्यात नाक खुपसलं आणि निघाली. या वेळी अमोलकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

लाकडी पुलावरून गेलो. पुढं लाल चिखल, झाडांची मुळं, वरून माकडं. पहिलं पाणी मागे पडलं, दुसरं डाव्या हाताला दिसायला लागलं. ऑफिसर मला इथल्या तऱ्हेनं म्हणाला, "अंकल, रेस्ट लह." मी म्हटलं, कुत्री थांबली की थांबेन. अमोल मागून नानांना हाका मारत होता. हाक मारायचा, थांबून ऐकायचा, पुन्हा मारायचा.

एका वळणावर कोपीनं वाट सोडली. उतारावर नेच्याच्या गचपणात शिरली आणि बसली.

नाना कुशीवर पडले होते, चपला पायात. ऑफिसरनं मानेवर बोटं ठेवली, थोडं थांबला, मग उठून रेडिओवर हळू आवाजात बोलायला लागला. अमोल खाली बसला.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. कुत्र्याला जिवंत-मेलेलं समजत नाही. सापडलं, एवढंच समजतं. आणि सापडलं की त्याच जागी, त्याच घडीला, त्याच्याशी खेळावं लागतं. चेंडू टाकायचा, आनंदानं शाबासकी द्यायची. ते चुकवलं तर कुत्र्याला वाटतं आपलं चुकलं, आणि पुढच्या माणसाला ते शोधत नाही.

मी खिशातून चेंडू काढला. "शाबास, कोपी, शाबास गं माझी बाय," असं मोठ्यानं म्हटलं आणि टाकला. ती उड्या मारत आणायला गेली.

"काका," अमोल म्हणाला, "अहो, माझे वडील आहेत ते."

मी पुन्हा टाकला.

परत येताना तो माझ्या बरोबरीनं चालत होता. त्यानं विचारलं, "टोपी आधीच आणली असती तर?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही." खोटं बोललो असतो तर त्याला बरं वाटलं असतं. पण मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं मी सांगत नाही.

त्यानंतर कधी असं बोलावणं आलं तर निघण्याआधी घरच्यांना दोन गोष्टी सांगतो. घरातली सगळ्यात मळकी वस्तू आणा, लाजू नका. आणि माणूस सापडल्यावर मी कुत्रीशी खेळेन, तेव्हा माझ्याकडे बघू नका.