कानांचे अंगण

मी आज मुलांच्या कानांची चित्रे काढतो, ते गायकवाड बाईंमुळे. लहानपणी माझे कान सतत फुटत. वर्गात मला ढ म्हणत. बाईंनी मला मागून उठवून पहिल्या बाकावर बसवले, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर तिथेच घडू लागला.

परवा पहाटे कानांच्या डॉक्टर मॅडमबरोबर एका शाळेतल्या मुलांचे कान तपासायला पुण्याहून निघालो. कानाच्या आतले चित्र काढणारे यंत्र मी मांडीवरच धरले होते. कारेगावला कंपन्यांच्या बसगाड्यांत आमची जीप अडकली. शिरूरला चहा घेतला. तिथून दक्षिणेला वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि पुढे भीमाकाठचे वडगाव रासाई.

शाळेत मुलांची रांग तयार होती. पहिल्याच कानात नुसती चकाकी दिसली. दुसऱ्या, तिसऱ्या मुलाचेही तेच. मी भिंग पुसले, यंत्र पुन्हा सुरू केले. तेवढ्यात लसणाचा वास आला.

दारात गावातल्या हिराआजी उभ्या होत्या. त्या अभिमानाने म्हणाल्या, "समद्यांच्या आयांना सांगून कानात लसणाचं गरम त्याल घालाय लावलं. पावणं येनार म्हनल्यावर आंगण सारवाय नको व्हय?"

मॅडम हसल्या. "आजी, इतकं सारवलंत की आमचा पाय घसरतोय!"

मग एकेक कान त्यांनी हळुवार पुसून काढला. दुपारी आजींनीच मासवडी (तीळ-खोबऱ्याचे सारण भरलेली बेसनाची वडी, मासा फक्त नावात) खाऊ घातली.

शेवटी आजींची नात तनुजा आली. वडील सुनील रांजणगावच्या कंपनीतली रात्रपाळी करून तसेच आले होते, डोळे लाल.

"दहा हाका मारल्या तरी ही वळून बघत न्हाई," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी दौंडच्या वसतिगृहात घालतो. शिस्त लागंल."

"माझ्या जित्तेपणी न्हाई," आजी म्हणाल्या.

"आये, तूच लाडावून ठिवलीस!"

आमचे यंत्र कानात नुसता प्रकाश सोडते, दुखत नाही. यंत्राच्या स्क्रीनवर मात्र आतले चित्र उमटते: कानाच्या पडद्याची पांढरी रेघ आणि तिच्यामागची पोकळी. निरोगी कानात तिथे हवा, म्हणजे काळोख. तनुजाच्या दोन्ही कानांत राखाडी धुके भरले होते. मी शेजारच्या मुलाच्या निरोगी कानाचे चित्र त्याच्याजवळ ठेवून दाखवले.

"हे पाणी," मॅडम म्हणाल्या. "आपलं बोलणं तिला विहिरीच्या तळातून ऐकल्यासारखं येत असणार."

सुनीलनी वाकून दोन्ही चित्रे ताडून पाहिली. "मंजी... ही मुद्दाम करत न्हाई?"

त्याच जीपने भीमेचा पूल ओलांडून सगळे पुढच्या तपासणीसाठी दौंडच्या दवाखान्यात गेलो. श्रवणचाचणीतही कमी ऐकू येत असल्याचे निघाले. मॅडमनी समजावले, की पुष्कळदा हे पाणी आपोआप ओसरते. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, नाहीच ओसरले तर छोटी शस्त्रक्रिया. बाहेर आल्यावर सुनील लेकीसमोर उकिडवे बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तनू, भूक लागली का?"

तिने लगेच मान डोलावली.

परतीच्या वाटेवर मांडीवरचे ते यंत्र मला फार मोलाचे वाटले. घरी पोचताच पत्र लिहिले:

"बाई, नमस्कार. आज एका बापाला लेकीचा न दिसणारा त्रास दाखवता आला. वसतिगृहाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. मघाशी त्यांचा फोन आला होता. गुरुजींना सांगून उद्यापासून तिला पुढे बसवणार आहेत. तुमचा बाक रिकामा राहिलेला नाही, बाई.
— तुमचा रमेश"