दोनदा मोजलेली माणसं

वडील न्हावऱ्याच्या शाळेत गणित शिकवायचे आणि आम्ही शिरूरला, जुन्या मिशनच्या आवारात राहायचो. सकाळच्या एसटीने ते जात आणि संध्याकाळी परत येत. सदऱ्याच्या बाहीला खडू लागलेला असे.

नाताळच्या चहाला किती कप लागतील, हे आदल्या दिवशी ते मला काढायला लावत. कागदावर बशी पालथी घालून पेन्सिलीनं एक वर्तुळ काढायचं, मग बशी थोडी सरकवून दुसरं. डावीकडे चर्चला येणारी माणसं, उजवीकडे न्हावऱ्याची.

"चर्चची चाळीस, न्हावऱ्याची तीस. कप किती?"

"सत्तर," मी पहिल्या वर्षी म्हणाले होते.

"यातले बारा जण दोन्हीकडचे आहेत. ते काय दोन-दोन कप पिणार?"

"एक जण पितो," आई शेगडीपुढून म्हणाली. "तुमचे पेटीवाले आप्पा."

हे आप्पा न्हावऱ्याचे शेतकरी. गावच्या भजनात पेटी वाजवत आणि रविवारी आमच्या गायनमंडळातही. त्यांचं नाव वडिलांनी दोन वर्तुळांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत लिहिलं आणि सत्तरातून बारा वजा केले.

मग तेवढ्याच नावांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जात. जिचं नाव निघेल त्या व्यक्तीनं केक कापायचा. डबा हलवताना वडील विचारत, "मधल्या जागेतलं नाव निघण्याची शक्यता किती?" त्या वर्षी अठ्ठावन्नात बारा, म्हणजे पाचात एक आणि वर थोडं. तसं नाव निघालं की वडील चष्मा काढून पुसत बसत. पुढे नववीत अशाच वर्तुळांच्या वेन आकृत्या आल्या, तेव्हा वर्गात मला एकटीलाच त्या ओळखीच्या वाटल्या.

यंदा वडील गेले. स्मरणसभेचं ठरवायला दौंडहून काका आले. वडिलांचे थोरले भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले.

"दोन सभा ठेवू," ते म्हणाले. "इथं चर्चमध्ये एक, न्हावऱ्याला शाळेत एक. प्रार्थनेत कुणाला अवघडायला नको."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माणूस एक आणि त्याला आठवायच्या जागा दोन, हे मला सोसेना. काकांसमोर उलट बोलायची मला सवय नाही. मी दोन्ही याद्या केल्या, बशी पालथी घातली आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. चर्चची पन्नास, न्हावऱ्याची पस्तीस, मध्ये अकरा.

"या अकरांना कुठल्या सभेला बोलवायचं?" मी विचारलं.

काकांनी नावं वाचली. "आप्पांना चर्चमध्ये बोलव."

"ते न्हावऱ्याचे आहेत."

"मग तिकडं बोलव."

"पण इथं पेटी कोण वाजवणार, काका?"

त्यांनी कागद जवळ ओढून वर्तुळांवरून बोट फिरवलं. वडिलांचं अक्षर नव्हतं, पण वर्तुळं तीच होती. त्यांनाही ती माहीत होती. "एकच ठेव," शेवटी ते म्हणाले. "आवारात, झाडाखाली."

एवढं सगळं करून मी मांडववाल्याला फोनवर काय सांगितलं? पन्नास आणि पस्तीस, पंच्याऐंशी खुर्च्या. त्या दिवशी सगळे आले. काकांनी प्रार्थना केली, न्हावऱ्याच्या माणसांनी टोप्या काढून हातात धरल्या, कुणी अवघडलं नाही. शेवटच्या रांगेत अकरा खुर्च्या रिकाम्या होत्या. गीत सुरू झाल्यावर त्या मला दिसल्या. ही चूक पकडणारा माणूस आता घरात नव्हता.

सभा संपल्यावर आप्पा पेटी उचलून मागे आले.

"ताई, खुर्च्या लई जादा आल्यात."

"बेरीज चुकली, आप्पा. दोन्ही यादीतली माणसं दोनदा धरली."

"सरांची लेक आन् बेरीज चुकली?" मग म्हणाले, "म्हंजी माझ्या नावाच्या बी दोन?"

"हो, दोन."

"मंग वापरतो की." ते एका खुर्चीत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पेटी ठेवली. चहाचा ट्रे त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी दोन कप उचलले.