यादीत नसलेलं काम

कडावच्या दूध डेअरीच्या वरच्या खोलीत आम्ही दोघं मोबाईलची ॲपं बनवतो. माझा हा जोडीदार खुर्चीत बसत नाही. येरझाऱ्या अशा घालतो, की खाली कॅनमधल्या दुधाचं लोणी होतं. ॲपचं नाव, रंग, पानं अशी बारा ओळींची यादी लिहून तो बटण दाबतो आणि संगणक त्यावरून ॲपच्या हजारभर फायली ओकतो. काही बिघडलं की फायली पुसायच्या, यादी सुधारायची, पुन्हा बटण दाबायचं.

परवा चारला डेअरीचं ॲप चेअरमनना दाखवायचं होतं. दोन दिवस खपून मी यादीला हात न लावता तयार फायलींतच सुधारणा केल्या होत्या. तीनला एक पान उघडेना, तर यानं सगळं पुसलं!

"अरं, माझं दोन दिवसांचं काम!"

"यादीत हाय का?"

"नाय."

"मग नव्हतंच रं."

माझा चेहरा बघून तो चक्क खुर्चीत बसला. "सांग, काय काय केलंस? लिवतो."

मला पाचच गोष्टी आठवल्या.

"आणि बाकीचं?"

"आठवत नाय."

"मग लोकांना कशाला लागतंय?"

पाच ओळी वाढवून त्यानं बटण दाबलं. चारला ॲप उघडलं, चेअरमन खूश झाले. मी मात्र अजून त्यात माझं न आठवलेलं काम शोधतोय. कुणालाच त्याची उणीव भासलेली नाही.