मेढ्याच्या माश्या जतला नेताना

रेश्मा माझी पाठची बहीण. सख्खी. तिनं सोताच्या हातानं सोताच्या मधमाश्या मारल्या असं आता मेढ्याच्या ष्टँडवर बसून लोक बोलत्यात. बोलनाऱ्यातलं एकबी त्या दिवशी गाडीत नव्हतं. मी हुतो. म्हनून काय झालं ते मीच सांगनार.

आमच्या खोऱ्यात माश्या पाळनारं लय हायती, पन रेश्मासारखा हात कुनाचा न्हाई, हे मी छातीवर हात ठिवून सांगतो. पेटीत पाळायची आमची सातेरी माशी लय तापट. ही बाई उघड्या हातानं पेटीत हात घालती आन् माश्या तिच्या मनगटावर फिरत ऱ्हात्यात, जशा काय बांगड्याच. माश्यांत जायचं असंल त्या दिवशी पावडर न्हाई, तेल न्हाई, वासाचा साबन न्हाई. दाजी मिल्ट्रीत. सुट्टीवर आलं की पेट्यांपासनं लांब आंब्याखाली उभं ऱ्हात्यात. म्हनत्यात, "बॉर्डरला छाती काढून उभा ऱ्हातो, पन हितं न्हाई बाबा."

शिमग्याच्या आधी जतकडं डाळिंबाला फूल लागतं. माशी फिरली तर फळ धरतं, म्हनून तिकडचं बागवाले तिच्या पेट्या मागवून घेत्यात. पेट्या नेते ती सोता. जुनी पेट्रोलची व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. गाडी चालवायला तिला मीच शिकवली. फौजेत पहाडात ट्रक हाकलेला मानूस हाय मी, त्यामुळं शिकवनी पक्की.

तर ही व्हॅन त्या आठवड्यात नखरं करायला लागलेली. सकाळी एका चावीत चालू. जरा तापली, की आचका दिऊन बंद. थोडं थांबलं की परत चालू. साताऱ्याच्या एका ग्यारेजात दाखवली. त्यानं जाग्यावर उभी करून लय येळ चालवली, पन बंद पडायचं नावच न्हाई. "ताई, गाडीला कायबी झालं न्हाई," म्हनला. बागवाल्याचा फोनवर फोन, फुलं तर थांबत न्हाईत. रेश्मा म्हनली, थंडाव्यात निघू, ऊन व्हायच्या आत पोचू.

आता माश्या न्यायच्या म्हंजे काय ते सांगतो. पेटीच्या तोंडाला जाळी मारायची, म्हंजे सगळ्या आत कोंडल्या. गाडी पळती तवर वारं लागतं. गाडी उभी ऱ्हायली की आत उकडतं. उकडलं की त्या पंख मारत्यात, पंख मारलं की आजून उकडतं. शेवटाला पोळ्याचं मेण ढिलं पडून पोळंच खाली येतं आन् सगळ्या सोताच्याच मधात बुडून मरत्यात. म्हनून उन्हात गाडी थांबवायची न्हाई, हा तिचा कायदा.

पहाटे निघालो. कराडात टाकी फुल केली. तासगाव सोडलं, ऊन वर आलं, आन् कवठेमहांकाळच्या अलीकडं गाडीनं आचका दिला. बंद.

म्या सीट उचलली. "ठिनगी देनारी कॉईल तापलीया. ओलं फडकं टाकायचं, दुसरं काय न्हाई."

फडकं टाकलं, थांबलो, गाडी चालू झाली.

"बघ, म्हनलं हुतं का न्हाई?"

तिचा कान मागं पेट्यांकडं. थोडं अंतर गेलो आन् परत तेच.

"कॉईलच हाय गं."

"मगाशीबी कॉईलच म्हनलास. फडकं तर आजून ओलं हाय."

ढकलत ढकलत रस्त्याकडंच्या एका ग्यारेजापतूर नेली. मिस्त्री कृष्णात नावाचा, तोंडात मावा. मागनं आवाज ऐकला आन् चार पावलं मागं सरला. "बाई, हे काय भरलंय? जाळी फाटली तर मला पळायला रस्ता ठिवा."

"तुमी पुढं बघा. मागचं मी बघते," रेश्मा म्हनली.

त्यानंबी कॉईलच सांगितली. मी रेश्माकडं बघितलं, म्हनलं आता तरी ऐक. त्यानं नवी घातली, प्लग पुसलं, गाडी उभ्यानं गुरगुर चालली. तवर ऊन चटका द्यायला लागलेलं. गाव मागं टाकलं, रस्ता मोकळा, झाड न्हाई का झुडूप न्हाई, आन् चढाला लागलो तशी व्हॅन मेली.

रेश्मा उतरून मागं पळाली. दार उघडलं तर भट्टीचं दार उघडल्यागत वाफ तोंडावर आली. आतला आवाज मला आजून सपनात येतो. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. तिनं पोती ओली करून पेट्यांवर टाकली, प्यायचं पानीबी त्यातच गेलं. एक पान्याचा टँकर येत हुता, म्या आडवा झालो.

ड्रायव्हर वराडला, "मरायचंय का रं?"

"पानी द्या दादा, आत जीव हायती."

"प्यायचं पानी हाय गड्या. वाडीवर बाया हंडं मांडून बसल्यात. त्यांना काय सांगू, माश्यांना पाजलं म्हनून?" त्यानं मागं डोकावून बघितलं, आवाज ऐकला, आन् गप नळी सोडून दोन बादल्या भरून दिल्या. "बास. आता मागू नगा," म्हनला आन् गेला.

दोन बादल्यांनी काय हुतंय? पोती वाफाळायला लागली. एका कडंच्या पेटीतनं आवाज यायचा थांबला. रेश्मानं तिला कान लावला, थापटी मारली, परत कान लावला.

मला ऱ्हावंना. "सोड की जाळ्या सगळ्या! जगतील तेवढ्या जगू दे."

"आन् मग? भाईर पडलेल्या हीच जागा घर म्हनून धरतील. गाडी हलली की माघारी कुटं येतील त्या? ह्या डांबरावर?"

"मग कर काय करायचं ते!"

"तू गप ऱ्हा जरा, दादा. मला इचार करू दे."

ती पुढं आली. कॉईलकडं बघितलंबी न्हाई. पेट्रोलच्या नळीला पांढरा पारदर्शक फिल्टर असतोय, तो हातात धरला. कोरडा.

"ह्यात पेट्रोल न्हाई."

"टाकी फुल हाय गं! कराडला म्याच उभा हुतो."

"तेच म्हनतेय. टाकीत हाय, तर हितं येत का न्हाई?"

असं म्हनली आन् गाडीच्या बगलंला गेली. टाकीच्या टोपनापाशी थांबली. थांबली ती थांबलीच. मग कमरेची पोळं कापायची सुरी काढली आन् टोपनाभवतीचं मेण खरवडायला लागली.

ते मेण तिनंच लावलेलं. टोपनाचं रबर गेलेलं, पेट्रोलचा वास गाडीत शिरायचा, आन् त्या वासानं माश्या चवताळत्यात. नवं टोपन कुटं घावलं न्हाई. म्हनून आठवड्यामागं तिनं सोताच्या पोळ्याचं मेण हातात मळून टोपनाभवती लिंपलं, मधल्या बारीक भोकावरसुद्धा. कराडला पेट्रोल भरल्यावर परत ताजं लिंपलं.

टोपन फिरवलं तशी टाकीनं सूं करून लांब श्वास घेतला. त्या फिल्टरात माझ्या डोळ्यादेखत पेट्रोल चढलं. चावी मारली, एका फटक्यात गाडी चालू.

ताप न्हाई, कॉईल न्हाई. टाकीत हवाच जात नव्हती. पेट्रोल खाली जाईल तशी टाकी आतनं वढून धरायची आन् पेट्रोल सोडायची न्हाई. थांबलं की कुटनंतरी जरा हवा मुरायची, गाडी चालू व्हायची. पहाटं गारठ्यात मेण तडकलेलं असायचं तवर चालायची. ऊन झालं की मेण मऊ होऊन फट बुजायची. ग्यारेजात उभ्या गाडीला पेट्रोल लागतंय किती? तिथं कशी बंद पडंल?

रेश्मा टोपन हातात घिऊन रस्त्यावर खाली बसली. "दादा, म्याच गळा आवळला रं त्यांचा."

"ऊठ. आधी चल."

"वासानं तरास व्हायचा म्हनून केलं रं म्या."

म्या तिला दंडाला धरून उठवली. गाडी मी घितली आन् जत येईस्तवर अ‍ॅक्सिलेटरवरनं पाय काढला न्हाई. मागचा आवाज बारीक हुत चाललेला.

बाग जोतिबा पाटलाची. पेट्या उतरवताना व्हॅनच्या पत्र्यावर मध गळत हुता, त्यात माश्या चिकटलेल्या. जोतिबानं ते बघितलं. मानूस वाईट न्हाई, पन त्याचं वरीस त्या फुलांवर.

"बाई, राग मानू नगा. दुसऱ्या कुनाला सांगू का?"

"सकाळपतूर थांबा," ती म्हनली. "आता ह्या उन्हात झाकन उघडलं तर ऱ्हायलेल्याबी जातील. सकाळी उडल्या तर माझ्या. न्हाई उडल्या तर सांगा दुसऱ्याला."

तिनं सावलीला पेट्या मांडल्या, दिस बुडाल्यावर जाळ्या काढल्या. जेवली न्हाई. मला म्हनली, घरी फोन करू नगंस.

दुसऱ्या दिवशी दिस उगवायच्या आधी ती पेट्यांपुढं जाऊन उकिडवी बसली. मी आन् जोतिबा मागं. डाळिंबाची लालभडक फुलं, आन् सगळी बाग गप. ऊन पयल्या पेटीवर आलं. कायबी न्हाई. दुसरीवर आलं. न्हाई. पुढच्या एका पेटीच्या फटीतनं एक माशी चालत भाईर आली, उडाली, आन् मागं वळून पेटीकडंच तोंड करून हेलकावं खायला लागली. मागनं आजून आल्या.

"काय करत्यात गं?" म्या इचारलं.

"घर बघून ठिवत्यात."

ऊन सगळ्या पेट्यांवर आलं. थोड्या पेट्यांतनं माशी निघाली. निम्म्याच्या वर पेट्या तशाच गप ऱ्हायल्या. जोतिबानं खिशातनं फोन काढला आन् बांधाकडं चालत गेला. रेश्मा उठली आन् पेट्यांची झाकनं काढायला लागली. म्या हात पुढं केला.

"न्हाई दादा," ती म्हनली. "माझ्या हायती."

एकूनएक झाकन तिनं सोता काढलं. मला एकाला हात लावू दिला न्हाई.